आवाज चाचणीत नापास झालेल्यांचा धागा: अमीन सयानी, ओव्हल्टीनचा डबा आणि माझी भाची

गोदाकाठ (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११.४०

मंडळी, विषय थोडा घरगुती आहे, सांभाळून घ्या.

माझी भाची, वय २३, गेल्या महिन्यात रेडिओच्या एका केंद्रावर हंगामी निवेदकाच्या चाचणीला जाऊन आली. लेखी पास, आवाज चाचणीत नापास. कारण कुणी अधिकृतपणे सांगत नाही, पण बाहेर पडताना तिथल्या एका बाईंनी हळूच सांगितलं म्हणे, "बाळा, तुझ्या च आणि ज कडे बघ जरा." पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. तर मामा या नात्याने मी फोनवर ठोकून दिलं की अगं वेडे, 'बिनाका गीतमाला'वाल्या अमीन सयानींनासुद्धा आकाशवाणीने उच्चारावरूनच नापास केलं होतं, पुढे काय झालं जगाला माहीत आहे.

तिने शांतपणे विचारलं, "मामा, नापास झाल्यावर दुसऱ्या दिवशी काय केलं त्यांनी?"

आणि मी गप्प. कारण आपल्याला या लोकांचं यश पाठ असतं, बुधवार रात्र आणि "बहनो और भाइयो" पाठ असतं, पण मधली वर्षं कुणीच सांगत नाही. तर जाणकारांनी प्रकाश टाका. रेडिओ टीव्हीवरच्या लोकांची सुरुवात नक्की कशी झाली? प्रेरणादायी चार ओळी नकोत, त्या मला व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येतात.

---

चिंगी | शनिवार, रात्री ११.५२

पॉपकॉर्न घेऊन बसलेय. भाचीला धीर द्या.

---

बॅटरीसेल | रविवार, सकाळी ७.१५

सयानी कोलंबोला बसून कार्यक्रम करायचे, त्यामुळे आकाशवाणीने नाकारलं म्हणून ते सरळ श्रीलंकेला निघून गेले असं आमचे वडील सांगायचे. थोडक्यात भाचीला परदेशी पाठवा. (दिवा घ्या, म्हणजे गंमत आहे)

---

मध्यमलहरी | रविवार, सकाळी ९.०५

@बॅटरीसेल, दिवा घेतला पण हा गैरसमज इतका पसरलाय की दुरुस्त करावाच लागेल. गीतमालाचं ध्वनिमुद्रण मुंबईतच व्हायचं, झेवियर्स कॉलेजच्या टेक्निकल इन्स्टिट्यूटमधल्या स्टुडिओत, धोबीतलावला. टेप विमानाने कोलंबोला, रेडिओ सीलोनकडे जायच्या आणि तिथून लघुलहरीवर परत आपल्याच घरात यायच्या. म्हणजे गिरगावातल्या माणसाने धोबीतलावचा आवाज कोलंबोमार्गे ऐकायचा.

आता मूळ प्रश्न. जेवढं खात्रीने माहीत आहे तेवढं सांगतो.

जन्म मुंबईचा, २१ डिसेंबर १९३२. थोरले भाऊ हमीद सयानी इंग्रजी निवेदक, त्यांचं बोट धरून हा मुलगा लहानपणीच मुंबई केंद्रावर गेला आणि काही वर्षं इंग्रजी कार्यक्रमांतच होता. शाळा गुजराती वळणाची, न्यू एरा, मग ग्वाल्हेरची सिंदिया. हिंदी निवेदकासाठी प्रयत्न केला तेव्हा उत्तर मिळालं की वाचन चांगलं आहे पण उच्चारात गुजराती आणि इंग्रजीची छाया फार आहे. झालं.

दुसऱ्या दिवशी काय केलं ते सांगता येणार नाही, पण त्यानंतर काय केलं ते त्यांनी स्वतः बऱ्याच मुलाखतींत सांगितलंय. हमीदभाई म्हणाले, रेडिओ सीलोनचे हिंदी कार्यक्रम तुझ्याच कॉलेजात मुद्रित होतात, जाऊन बसत जा, ऐकत जा. बाळगोविंद श्रीवास्तव तिथे 'ओव्हल्टीन फुलवारी' नावाचा कार्यक्रम करायचे. एकदा जाहिरात वाचायला माणूस हवा होता, हा उठला आणि रणांगणावर असल्यासारखा ओरडून वाचला. श्रीवास्तवांनी कानावर हात ठेवले. पण ठेवून घेतलं. मोबदला काय, तर आठवड्याला ओव्हल्टीनचा, म्हणजे दुधात घालायच्या पावडरचा, एक छोटा डबा.

तर गोदाकाठ, भाचीला सांगा, नापास झाल्यावर त्यांनी दुसऱ्याच्या स्टुडिओत बसून ऐकलं आणि डब्यावर काम केलं.

---

अनुस्वार | रविवार, सकाळी ९.४०

सुंदर प्रतिसाद, पण एक गोष्ट आपण सोयीने विसरतोय. भाऊ आधीच आत होता! नाकारल्यावर कुठे जायचं हे सांगणारा घरात होता, कॉलेज झेवियर्स, स्टुडिओ त्याच आवारात. परभणीच्या मुलीला असा हमीदभाई कुठून आणायचा? या कथा सांगताना 'संघर्ष' हा शब्द वापरू नये एवढीच नम्र विनंती.

---

मध्यमलहरी | रविवार, सकाळी १०.१०

@अनुस्वार मान्य. मी संघर्ष शब्द वापरला नव्हता, डबा वापरला होता.

---

सदूभाऊ | रविवार, सकाळी १०.३०

आणि खरं श्रेय तर आपल्या पुण्याच्या माणसाचं आहे!! डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, १९५२ ते १९६२ माहिती व नभोवाणी मंत्री. त्यांनी आकाशवाणीवरच्या सिनेगीतांना कात्री लावली, मग निर्मात्यांशी बिनसलं आणि गाणी जवळपास बंदच झाली. सगळा देश सुई फिरवत फिरवत सीलोनवर गेला. सीलोनकडे महायुद्धातल्या आग्नेय आशिया कमांडचा दणदणीत ट्रान्समीटर आयता होता. केसकर नसते तर गीतमाला नसती, गीतमाला नसती तर सयानी इंग्रजीच बोलत राहिले असते.

---

खर्जातला_सा | रविवार, सकाळी ११.२२

आले केसकरांना झोडपणारे. सदूभाऊ, तुम्ही झोडपलं नाहीत पण पुढचे वीस प्रतिसाद तेच असणार म्हणून आधीच लिहून ठेवतो. त्याच माणसाच्या काळात १९५२ ला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलन, आणि संस्थानं बुडाल्यावर ज्या गवयांना दरबार राहिला नव्हता त्यांना रेडिओने पोटापाण्याला लावलं. माझ्या आजोबांनी भीमसेनजी पहिल्यांदा ऐकले ते तिकीट काढून नाही, शेजाऱ्यांच्या रेडिओवर. १९५७ ला विविध भारती आली तीही त्यांच्याच कारकिर्दीत. हरले म्हणा हवं तर, पण हरल्याचं मान्य करून स्वतःच दुसरं दुकान उघडणारा मंत्री दाखवा मला एक.

---

चिंगी | रविवार, सकाळी ११.२५

भाची राहिली बाजूला :(

---

निवृत्त_निवेदिका | रविवार, दुपारी ३.४८

नमस्कार. मी इथे फक्त वाचायला येते पण हा धागा माझाच आहे असं वाटलं म्हणून लिहिते. मराठवाड्यातल्या एका केंद्रावर मी बावीस वर्षं हंगामी निवेदिका होते. हंगामी म्हणजे महिन्याला ठरावीक ड्यूट्या, चेक कधी येईल ते देवाला माहीत, आणि कायम होण्याची आशा.

पहिल्यांदा मीही नापास. दुसऱ्यांदा 'युववाणी'त घुसले, तिथे तरुण पोरांना जरा सैल सोडायचे. तिथून निवेदनात. पहिल्या सहा महिन्यांत मी माईकपुढे जे शिकले त्यातलं नव्वद टक्के बोलण्याबद्दल नव्हतंच. कागद वाजता कामा नये, म्हणून पानांची टाचणी काढून सुटी करायची आणि वाचून झालेलं पान उलटायचं नाही, अलगद बाजूला सरकवायचं. काचेच्या बांगड्या घरी. माईक तोंडापासून वीतभर आणि किंचित तिरका, नाहीतर प, फ, भ आले की फटाके. घड्याळातला सेकंदकाटा हा नवऱ्यापेक्षा जवळचा. भाषण चाळीस सेकंद आधी संपलं तर ते चाळीस सेकंद कशाने भरायचे हे आधीच तयार हवं, फिलरची तबकडी हाताशी हवी.

आणि हो, मी एकदा बत्तीस मिनिटांचं कीर्तन चुकीच्या वेगावर लावलं होतं. बुवा चिमणीसारखे बोलायला लागले. मी फेडर, म्हणजे आवाजाची पट्टी, खाली ओढून शांतपणे म्हणाले, "काही तांत्रिक कारणामुळे व्यत्यय आला, क्षमस्व." ते तांत्रिक कारण मी स्वतः होते.

गोदाकाठ, च आणि ज बद्दल. मराठीत हे दोन दोन आहेत हे आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही. 'चार' मधला वेगळा, गुरांच्या 'चारा' मधला वेगळा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगून दाखव, लिहायला एक, बोलायला दोन. 'चमचा' आणि 'चमचे' यांत शेवटचा च बदलतो. हिंदी इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे सगळे च एकसारखे होतात, ऐकणाऱ्याला नक्की काय खटकतं ते कळत नाही पण खटकतं. भाचीला सांगा रोज वर्तमानपत्राचा एक स्तंभ मोठ्याने वाचून फोनवर मुद्रित करायचा आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचा. त्याच दिवशी ऐकला तर आपलं आपल्याला गोडच वाटतं.

---

झाडीपट्टी | रविवार, सायंकाळी ५.०२

ताई, दंडवत. पण थोडा भांडतो हां.

मी चंद्रपूरकडचा. कॉलेजात असताना मलाही अशाच एका चाचणीत पडले सांगून घरी पाठवलं होतं. कारण काय तं 'पानी'. बाप्पा, आमच्याकडे पाणी म्हणून कोणी प्यालंच नाही कधी, पानीच पेतो आम्ही. तुमचा तो प्रमाण ण कोणाच्या घरचा हाये? सदाशिव पेठेतल्या घशातून निघाला तोच शुद्ध, बाकी सगळे चुकलेले? सयानींच्या बोलण्यात गुजराती छाया होती म्हणता, मग तीच छाया पुढे चाळीस वर्षं करोडो लोकांनी कानात प्राण आणून ऐकली ना? तेव्हा चूक कोणाची, बोलणाऱ्याची का ऐकून नापास करणाऱ्याची?

---

अनुस्वार | रविवार, सायंकाळी ५.२०

झाडीपट्टी, भावना पोचल्या, पण बातमीपत्राला एक भाषा लागते. उद्या पुणे केंद्रावर सात पाचच्या बातम्यांना सुधा नरवणे यांच्यासारख्या वृत्तनिवेदिकेच्या जागी प्रत्येक जण आपापल्या गावचं बोलला तर सांगलीच्या माणसाला भंडाऱ्याची बातमी कळायची नाही.

---

झाडीपट्टी | रविवार, सायंकाळी ५.३१

कळते ना भाऊ. आम्हाला तुमची कळतेच की, सत्तर वर्षं झाली.

---

मध्यमलहरी | रविवार, सायंकाळी ६.१५

भांडण चांगलं चाललंय पण एक मुद्दा. सयानींनी नाकारल्यावर उच्चार सुधारलेच, ती छाया तशीच ठेवली असं नाही. मात्र जे मुळात त्यांच्याकडे होतं ते वेगळंच होतं आणि ते कुठल्या ऑडिशनमध्ये दिसलं नसतं.

त्यांच्या आई कुलसुम सयानी प्रौढ साक्षरतेचं काम करायच्या. 'रहबर' नावाचं पाक्षिक चालवायच्या, नवसाक्षरांसाठी, गांधीजींच्या प्रोत्साहनाने. मजकूर एकच, अगदी सोपं हिंदुस्तानी, पण लिपी तीन, देवनागरी, उर्दू आणि गुजराती. हा मुलगा त्या कामात मदत करायचा. म्हणजे ज्याला कालपर्यंत वाचता येत नव्हतं अशा माणसाला कळेल असं वाक्य कसं करायचं, याचं शिक्षण त्याला घरात मिळालं. रेडिओवर जाण्याआधी! पुढे गीतमालात ना जड हिंदी, ना जड उर्दू. समोर कोणीतरी बसलंय आणि त्याला गंमत सांगतोय, बस.

माझं मत असं की आवाज हा भाग आपण उगाच मोठा करतो. आवाज हमीदभाईंचाही उत्तम होता. नवसाक्षरासाठी वाक्य लिहिण्याची सवय ज्याच्याकडे होती तो गीतमाला करू शकला.

---

निवृत्त_निवेदिका | रविवार, सायंकाळी ६.४०

@मध्यमलहरी हे वाचून उठून पाणी प्यायले. (झाडीपट्टी, पानी.) आमच्याकडे एक कार्यक्रम अधिकारी होते, ते नव्या निवेदकाला सांगायचे की "श्रोतेहो" मनात सुद्धा अनेकवचनी म्हणू नका, एक बाई भाकऱ्या थापतेय तिला सांगा. आम्ही हसायचो. नंतर माझ्या लक्षात आलं की मी ज्या दिवशी सगळ्या जिल्ह्याला उद्देशून बोलते त्या दिवशी माझा आवाज उगाच जाड होतो.

---

झाडीपट्टी | रविवार, सायंकाळी ६.४४

ताई _/\_ भांडण मागे घेतलं. अर्धंच.

---

न्यूजर्सीकर | रविवार, रात्री ८.३० (तुमच्याकडे सोमवार उजाडला असेल)

पंचवीस रुपयांचं कुणी लिहिलं नाही अजून. बिनाका टूथपेस्टवाल्यांना म्हणजे सीबा कंपनीला सीलोनवरच्या त्यांच्या इंग्रजी हिट परेडसारखं हिंदीत काही हवं होतं. निवेदन, लेखन, निर्मिती आणि आलेली पत्रं मोजायची, सगळं मिळून आठवड्याला २५ रुपये. जुन्याजाणत्यांपैकी कोणी तयार होईना म्हणून काम सगळ्यात धाकट्याच्या गळ्यात पडलं. ३ डिसेंबर १९५२ ला पहिला कार्यक्रम, वय वीसला काही दिवस कमी. सात गाणी उलटसुलट क्रमाने लावायची, श्रोत्यांनी ती कालानुक्रमे लावून पाठवायची, बक्षीस १०० रुपये. चाळीस पन्नास पत्रं येतील असा अंदाज होता, आली नऊ हजार. वर्षभरात आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेली. २५ रुपयांत पासष्ट हजार पत्रं तपासणार कोण? म्हणून ती स्पर्धा गुंडाळून लोकप्रियतेचा क्रम लावायला सुरुवात झाली, पायदान (गाण्याचा क्रमांक) वगैरे सगळं त्यातून आलं.

म्हणजे आपण ज्याला कल्पकता म्हणतो ती खरं तर पत्रं तपासून आलेला कंटाळा होता. इथे आम्ही दर रविवारी मराठी मंडळाचा तासाभराचा इंटरनेट रेडिओ चालवतो, आठवड्याला तीन ईमेल येतात, त्यातला एक माझ्या सासऱ्यांचा असतो.

---

बॅटरीसेल | सोमवार, सकाळी ८.००

हसून हसून पुरेवाट. सासऱ्यांना सरताज श्रोता घोषित करा, बिगुल वाजवून.

---

कॉमनमॅन७१ | सोमवार, सकाळी ८.४५

अमिताभला आकाशवाणीने नाकारलं तो किस्सा आला का? सयानींनी नापास केलं होतं म्हणे.

---

मध्यमलहरी | सोमवार, सकाळी ८.५८

नापास वगैरे काही नाही. सयानी स्वतः सांगायचे की एक उंच किडकिडीत मुलगा वेळ न ठरवता दोनतीनदा भेटायला आला होता आणि कामाच्या रगाड्यात त्यांना भेटता आलं नाही. आवाज ऐकलाच नाही तर नापास कसा करणार.

---

सदूभाऊ | सोमवार, सकाळी ९.३०

सीलोनच्याच हिंदी कार्यक्रमांतून अजून एक जण निघाला, बलराज दत्त. दिवसा जयहिंद कॉलेज, मग बेस्टच्या डेपोत नोकरी, आणि रेडिओवर नटनट्यांच्या मुलाखती. नर्गिसची मुलाखत घ्यायची वेळ आली आणि निवेदकाची बोबडीच वळली असं सांगतात. पुढे तो सुनील दत्त झाला आणि त्यांचं लग्नही झालं. तेव्हा भाचीला सांगा की मुलाखत फसली तरी...

---

चिंगी | सोमवार, सकाळी ९.३३

सदूभाऊ!! भाचीचं स्थळ बघायचा धागा नाहीये हा.

---

तिरफळ | सोमवार, सकाळी ११.१०

पणजीहून. सगळे स्टुडिओ, ट्रान्समीटर, बक्षीस बोलतायत म्हणून आमच्याकडची एक सुरुवात सांगते.

२५ नोव्हेंबर १९५५. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई. गोव्यात पोर्तुगीज सरकारचं स्वतःचं नभोवाणी केंद्र होतं, एमिसोरा द गोवा, त्याच्या प्रचाराला उत्तर द्यायला हे दोघं सीमेबाहेरच्या जंगलात जाऊन बसले, आधी आंबोलीला आणि मग कॅसलरॉकला. 'गोंयचे सोडवणेचो आवाज', पोर्तुगीजमध्ये 'व्होज द लिबर्दाद'. कोकणी आणि पोर्तुगीजमधून रोज प्रसारण. पाऊस, जळवा, साप, आणि आंबोलीचा पाऊस काय असतो ते सावंतवाडीकरांना विचारा. डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे सहा वर्षं. मुक्तीनंतर दोघं विमानातून फिरले आणि ध्वनिक्षेपकावरून गोंयकारांना सांगितलं की गोवा मुक्त झाला. नंतर लग्न केलं. लिबियाबाईंना २०२५ ला पद्मश्री जाहीर झाली तेव्हा वय शंभर.

त्यांची आवाज चाचणी कुणी घेतली असेल असं वाटत नाही.

---

खर्जातला_सा | सोमवार, सकाळी ११.४०

तिरफळ, कमाल. याच माळेतला आधीचा मणी म्हणजे मुंबईत १९४२ चा काँग्रेस रेडिओ, उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या. ऑगस्टअखेर सुरू झाला, जागा बदलत बदलत चालवला, नोव्हेंबरात पकडले गेले. तीन महिन्यांची सगळी कारकीर्द.

---

जुनी_वरळीकर | सोमवार, दुपारी १२.५५

धाग्यात रेडिओ टीव्ही म्हटलंय आणि टीव्हीवर कुणी बोलत नाही म्हणून माझे दोन पैसे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्या मजल्यावर एकच संच होता, जोशींकडे, आणि जोशीकाकू चपला बाहेर मोजून आत सोडायच्या. तेव्हा टीव्ही हा आकाशवाणीचाच भाग होता हे आता कुणाला खरं वाटत नाही, वेगळं झालं १ एप्रिल १९७६ ला. त्यामुळे सुरुवातीची पद्धत सगळी रेडिओची, फक्त आता चेहरा दिसायचा. आणि चेहरा दिसायला लागल्यावर रेडिओवाल्यांची फार पंचाईत झाली. रेडिओवर कागद खाली ठेवून वाचता येतो, इथे वाचायचं पण वाचतोय असं दिसू द्यायचं नाही. एक ओळ डोळ्यांनी उचलायची, मान वर, बोलायचं, परत खाली. मधे जागा चुकली की संपलं.

भक्ती बर्वे निवेदन करायच्या तेव्हा आम्ही कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच जाऊन बसायचो, नुसतं "आता आपण पाहणार आहोत" ऐकायला. आणि स्मिता पाटील. फोटो बघून केंद्राचे संचालक कृष्णमूर्तींनी ऑडिशनला बोलावलं असं वाचलंय. बातम्या वाचायला जीन्सवर यायची आणि वरून साडी गुंडाळून बसायची, कॅमेऱ्यात अर्धंच दिसतं ना. श्याम बेनेगलांनी तिला टीव्हीवरच पाहिलं आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. माझी आई मात्र शेवटपर्यंत म्हणायची, "ती बातम्यांतली सावळी मुलगी सिनेमात गेली हो, वाईट झालं, बातम्या छान द्यायची."

---

चिंगी | सोमवार, दुपारी १.१०

आईंना माझा नमस्कार. काय वाक्य आहे.

---

अनुस्वार | सोमवार, दुपारी २.३०

@जुनी_वरळीकर, दोन्हीकडे लीलया वावरलेली एक व्यक्ती म्हणजे तबस्सुम. बालकलाकार म्हणून सिनेमा, रेडिओ, आणि मग १९७२ पासून 'फूल खिले हैं गुलशन गुलशन', तो १९९३ पर्यंत चालला. तिच्याकडे नीट पाहिलं तर लक्षात येतं की ती पाहुण्याशी कमी आणि घरातल्या प्रेक्षकाशी जास्त बोलायची, ही सवय रेडिओची. निवृत्त_निवेदिका यांची भाकऱ्या थापणारी बाई तिच्याही डोक्यात असणार.

आणि हो, पुलंही. आधी आकाशवाणी, मग दिल्लीच्या टीव्हीचे अगदी सुरुवातीचे दिवस. पण पुलंचा धागा काढला तर मूळ धागा मरतो हा इथला नियम आहे, म्हणून थांबतो.

---

खर्जातला_सा | सोमवार, दुपारी २.३२

थांबलात हे बरं केलंत. मी टाईप करायला सुरुवात केली होती.

---

गोदाकाठ | मंगळवार, रात्री १०.२०

मंडळी, दोन दिवस कामाच्या साईटवर होतो, काल संध्याकाळी सगळा धागा वाचला आणि भाचीला पाठवला. काल रात्री तिने फोनवर एकेक प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला मला, सराव म्हणून. झाडीपट्टी, तुमचा प्रतिसाद तिने तुमच्याच ढंगात वाचला आणि माझी ताई, म्हणजे तिची आई, आतून ओरडली, कोण आलंय गं.

तिचा एक प्रश्न आहे, निवृत्त_निवेदिका ताईंसाठी. ती ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या दिवशी ऐकते आहे. तिचं म्हणणं, च ज आता तिला स्वतःला ऐकू येतात पण त्यांच्याकडे लक्ष दिलं की वाक्य लाकडी होतं, आणि वाक्य मोकळं सोडलं की च जुन्या वळणावर जातो. यावर काय करायचं?

---

निवृत्त_निवेदिका | मंगळवार, रात्री १०.५५

तिला ऐकू यायला लागलं ना, मग अर्धं काम झालं, उरलेल्याला वर्ष लागतं, तेवढं लागू दे. मलाही लागलं. एक युक्ती सांगते. वाचायचा मजकूर आदल्या रात्री स्वतःच्या हाताने लिहून काढायचा, आणि जिथे दंततालव्य, म्हणजे 'चारा' मधला, च असेल तिथे खाली बारीक टिंब द्यायचं. वाचताना टिंब डोळ्याला दिसतं, डोक्याला विचार करावा लागत नाही. माझ्या पहिल्या वर्षाच्या वह्या टिंबांनी भरलेल्या आहेत, नातू विचारतो आजी यावर मुंग्या का बसल्यात.

आणि चाचणी परत निघते, फक्त जाहिरात कुठल्या कोपऱ्यात येते ते बघत राहावं लागतं. तोवर गावात जे मिळेल ते करू दे. शाळेचं स्नेहसंमेलन, गणपती मंडळाचं निवेदन, ग्रामपंचायतीचा भोंगा, काहीही. मी पहिलं निवेदन बैलपोळ्याला केलं होतं. बैल शांत उभे होते, माणसं नव्हती.

---

न्यूजर्सीकर | बुधवार, पहाटे ४.१० (तुमची दुपार)

आमच्या रविवारच्या तासात दहा मिनिटांची जागा आहे. महाराष्ट्रातून आठवड्याच्या घडामोडी, लिहायचं आणि वाचायचं तिनेच. पैसे देता येणार नाहीत. श्रोते तीन, सासरे धरून. गोदाकाठ, तिला विचारून व्यनि (खाजगी निरोप) करा.

---

गोदाकाठ | बुधवार, सायंकाळी ७.४५

व्यनि केला आहे. ती हो म्हणाली, पण तिची एक अट आहे. पैसे नकोत, ओव्हल्टीनचा डबा पाठवा म्हणते.

---

बॅटरीसेल | बुधवार, सायंकाळी ७.५०

अजून मिळतं का पण ओव्हल्टीन?

---

जुनी_वरळीकर | बुधवार, रात्री ८.०२

आमच्याकडे बोर्नव्हिटाच असायचं. ओव्हल्टीन जोशीकाकूंकडे.

---

न्यूजर्सीकर | बुधवार, रात्री ८.१५

इथल्या इंडियन स्टोअरमध्ये बघून सांगतो. पोस्टाचा खर्च डब्यापेक्षा जास्त होणार हे आत्ताच सांगून ठेवतो.